गव्हाविना स्वयंपाकघर

(हैदराबाद येथील मराठी भाषिक कुटुंबांच्या एका मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे. ग्रामीण वाचक, शिक्षकवर्ग, तसेच अंगणवाडी, शिधावाटप व वसतिगृहे यांच्याशी संबंधित अधिकारी यांना तो उपयुक्त वाटेल, या हेतूने येथे देत आहोत.)



मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. बत्तीस वर्षे मी शाळेत गणित शिकविले. या विषयावर आपल्यासमोर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, २०१३ सालापासून माझ्या घरात गव्हाचा दाणा आलेला नाही. तो का येत नाही, न आल्याने आमचे काय अडले आणि काय मुळीच अडले नाही, हे सांगावे म्हणून मी उभा आहे. काही घरांत असा रुग्ण असेल आणि त्या घराला ते ठाऊकही नसेल. माझे बोलणे प्रामुख्याने त्या घरांसाठी आहे.

माहेरचा वारा

आमचे लग्न १९८८ साली झाले. माझी पत्नी लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातली. तिच्या माहेरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी असे. गहू सणावारी आणि पाहुण्यांपुरता. आमचे कुटुंब मूळचे नांदेडकडचे, पण दोन पिढ्यांपासून हैदराबादेत काचीगुड्यात स्थायिक झालेले. शहरात आल्यावर आमच्याकडे भाकरी मागे पडली आणि रोज पोळी होऊ लागली. पोळी खाणे हे सुधारल्याचे लक्षण आहे, असा त्या काळी समज होता.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांत तिची प्रकृती खालावत गेली. पोट फुगणे, अधूनमधून जुलाब, वारंवार तोंड येणे, हाडे दुखणे, जिना चढताना धाप लागणे, अशा तक्रारी सुरू झाल्या. रक्त तपासले की हिमोग्लोबिन सात किंवा आठ भरे. लोहाच्या गोळ्या दिल्या जात आणि चार महिन्यांनी पुन्हा तोच आकडा येई. घरात कोणालाही याचे फारसे नवल वाटले नाही. बाईमाणूस म्हटले की अशक्तपणा असायचाच, असे सर्व जण म्हणत. त्या सर्व जणांत मीही होतो.

दर उन्हाळ्यात ती मुलांना घेऊन माहेरी जाई. दीड महिन्याने परत येई तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थोडी टवटवी असे, पोटाच्या तक्रारी कमी झालेल्या असत. माझी आई म्हणे, "माहेरचा वारा लागला की बाई सुधारते." मीही हसून मान डोलावीत असे. माहेरी भाकरी आणि सासरी पोळी, एवढाच ठळक फरक दोन्ही बाजूंत होता. आयुष्यभर मुलांना समीकरणे सोडवून दाखविणाऱ्या माणसाला तो फरक चोवीस वर्षे दिसला नाही. सगळी सुधारणा भाकरीमुळेच होती, असे मी म्हणणार नाही. आईच्या घरी विश्रांतीही मिळतेच. पण विचारायला हवा होता तो प्रश्न आम्ही विचारला नाही, हे खरे.

२०१२ साली एका तरुण डॉक्टरने तो विचारला. "लोहाची गोळी पोटात जाते, मग रक्तात का पोचत नाही?" त्याने रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी करविली. नंतर दुर्बिणीच्या साहाय्याने लहान आतड्याच्या अस्तराचा कण काढून तपासला. निदान झाले : सीलिअ‍ॅक रोग.

हा रोग काय आहे

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे चिकट प्रथिन असते. कणकेला ताण येतो, पोळी फुगते, पाव जाळीदार होतो, तो याच्याच योगाने. बहुसंख्य माणसांना त्यापासून काहीही अपाय नाही. परंतु ज्यांच्या प्रकृतीत या रोगाचे आनुवंशिक बीज असते त्यांपैकी काहींच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा ग्लूटेनच्या संपर्काने स्वतःच्याच आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे असंख्य सूक्ष्म रसांकुर असतात व अन्नरस त्यांच्या द्वारे शोषला जातो. या रोगात ते झिजून सपाट होतात. मग लोह, चुना, जीवनसत्त्वे पोटात जाऊनही अंगी लागत नाहीत. ताट भरलेले असते आणि शरीर उपाशी राहते.

इंग्लंडमधील सॅम्युअल गी यांनी १८८८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. परंतु दोष गव्हाचा आहे हे कळायला आणखी अर्धशतक लोटले. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना महायुद्धापूर्वीच गव्हाचा संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. आणि त्या उपासमारीतही या रोगाची मुले सुधारत असल्याचे दिसून आले. पाव परत आला तेव्हा दुखणेही परतले. १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधात हे निष्कर्ष मांडले. भारतात उत्तरेकडील मुलांमधील या रोगाच्या नोंदी १९६० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात दर हजारी सुमारे साडेआठ प्रौढांना हा रोग आढळला, तर दक्षिणेत तो दहा हजारांत जेमतेम एकाला आढळला. गहू कमी खाल्ला जातो हे दक्षिणेतील अल्प प्रमाणाचे एक कारण मानले जाते. आपला मराठी मुलूख या दोहोंच्या मध्ये आहे आणि आपल्याकडे पोळी वाढत चालली आहे. रोग विरळ असला म्हणजे रुग्ण नसतो असे नाही. तो ओळखू मात्र उशिरा येतो.

यावर आजमितीस एकच खात्रीचा उपचार आहे : ग्लूटेन आयुष्यभर पूर्णतः वर्ज्य करणे. तसे केल्यास रसांकुर पुन्हा वाढतात, मात्र त्यास काही महिने, प्रौढांत कधी कधी काही वर्षे लागतात.

येथे एक सूचना अगत्यपूर्वक करतो. संशय आला म्हणून आधीच गहू बंद करून मग तपासणीस जाऊ नये. गहू थांबला की प्रतिपिंडे उतरू लागतात, आतडे भरून येते आणि तपासणी फसते. आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम मोडू नये. त्याचप्रमाणे केवळ टूम म्हणून निरोगी माणसाने गहू सोडण्याचे काही कारण नाही.

गिरणीचा धडा

निदान झाल्यावर आम्हास वाटले, हे सोपे आहे. पत्नी ज्वारीच्या देशातली. तिला भाकरी करून खायला कोणी शिकवायला नको. ती स्वतःसाठी भाकरी करी आणि आम्हा उरलेल्यांसाठी पोळ्या. एकच परात, एकच पोळपाट, एकच तवा. ज्वारी आम्ही निवडून, धुऊन, उन्हात वाळवून कोपऱ्यावरच्या गिरणीत दळून आणीत होतो.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. प्रतिपिंडे जवळजवळ होती तेथेच होती. मला राग आला. मी पत्नीलाच विचारले, "चोरून काही खाल्लेस का?" ती काही बोलली नाही. तो प्रश्न मी विचारला नसता तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र निराळा प्रश्न केला, "पीठ कोठे दळता?" गिरणीत आमच्या ज्वारीच्या आधी कोणाचा तरी गहू दळलेला असे. जात्याच्या पाळ्यांत, पन्हाळीत, पिशवीत अडकलेले गव्हाचे पीठ आमच्या ज्वारीत उतरत होते. म्हणजे जी भाकरी औषध म्हणून आम्ही वाढीत होतो तिच्यातूनच रोज विष जात होते. त्याशिवाय पोळ्या लाटताना पिठी उडे, ती तिच्या हातांवर आणि भाकरीच्या परातीत बसे.

किती थोडे ग्लूटेन बाधते, हे गणिताने पाहू. साधारण एका पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन काही आठवडे पोटात गेले तरी अशा रुग्णाच्या आतड्यास इजा होऊ शकते, असे संशोधनात आढळले आहे. म्हणजे एका पोळीचा पन्नासावा भाग. "एवढ्याशाने काय होते?" या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

त्या दिवशी आम्ही घरात बसून ठरविले की, एका माणसाने वेगळे खाण्यापेक्षा सर्वांनी सारखे खावे. गहू, रवा, मैदा, शेवया घराबाहेर गेल्या. लाकडी पोळपाट-लाटणे बदलले. लाकडाच्या चिरांतले पीठ निघत नाही. तवा नवा घेतला. एक लहान घरगुती चक्की घेतली आणि तिच्यात गहू कधीही घातला नाही. ज्यांना चक्की परवडत नाही त्यांनी धुऊन वाळविलेली ज्वारी घरच्या जात्यावर दळावी, मात्र त्या जात्यावर पूर्वी गहू दळलेला नसावा. त्यानंतर वर्षभरात तिची प्रतिपिंडे उतरली. हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले. लग्नानंतर प्रथमच ती न थांबता जिना चढली.

ज्यांना घरातून गहू पूर्णपणे काढणे शक्य नाही त्यांनी निदान रुग्णाचा स्वयंपाक आधी करावा, त्याची भांडी, पीठ व डबे निराळे आणि वरच्या फळीवर ठेवावेत, आणि पोळ्या लाटण्याचे काम त्या रुग्णाकडे देऊ नये.

नावाने फसू नये

काही पदार्थ उघड गव्हाचे असतात. त्यांची भीती नाही. भीती आहे ती छुप्या गव्हाची. आपल्या मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात. खपली गहू पचायला हलका म्हणून लोक सुचवितात. तोही गहूच, त्यातही ग्लूटेन आहे. बाजारातील हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो, आणि तो हिंग वरणापासून लोणच्यापर्यंत सगळीकडे जातो. फरसाण बेसनाचे असले तरी ज्या तेलात आधी मैद्याच्या पुऱ्या तळल्या त्याच तेलातले असते.

हैदराबादेत राहणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्या. रमजानातील हलीम मांसाचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याचा निम्मा जीव दलियात, म्हणजे गव्हात असतो. इराणी हॉटेलातला चहा चालेल, उस्मानिया बिस्कीट चालणार नाही. बिर्याणी तांदळाची असली तरी वरचा तळलेला कांदा मैद्यात घोळला आहे काय, हे विचारावे. इडली चालते, रवा इडली चालत नाही. येथे इडलीचा रवा तांदळाचा आणि उपम्याचा रवा गव्हाचा असतो. दुकानदार दोन्ही एकाच मापाने काढून देतो. म्हणून आम्ही सुटा माल न घेता बंद पाकीट घेतो. पाकिटावर ग्लूटेनयुक्त धान्याचा उल्लेख आहे काय ते वाचतो. भारतीय नियमांनुसार तो करावा लागतो. ज्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नाही त्यालाच ग्लूटेनमुक्त म्हणता येते.

दुसरीकडे, तेलंगणाच्या मातीत आमच्यासाठी उणे काहीच नव्हते. जोन्न रोट्टे म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच. संक्रांतीची सकिनालू तांदळाच्या पिठाची आणि तिळाची. सर्वपिंडीही तांदळाची, पेसरट्टू मुगाचा. आमच्या शेजारच्या तेलुगू बाईंनी माझ्या पत्नीस दोनच शब्द पाठ करून दिले, "गोधुम वद्दु", गहू नको. आणि त्या स्वतः सकिनालू तळतात तेव्हा नव्या तेलातला पहिला घाणा आमच्यासाठी काढून ठेवतात.

आपले मराठी सणही तपासून पाहावे. उकडीचे मोदक तांदळाचे. अनारसे तांदळाचे. बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा आहेच. उपवासाच्या दिवशी तर वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. गहू नसलेले सबंध ताट आपल्या आजीने आधीच वाढून ठेवले आहे. लातूरकडे वेळ अमावास्येला शेतात आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे असतात. आम्ही गव्हाची खीर तेवढी वगळली, तांदळाची केली.

मात्र ज्वारी चालते म्हणून ज्वारीवरच राहू नये. याच हैदराबाद शहरात १९६० साली डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत आढळणाऱ्या पेलाग्रा रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ते ज्या संस्थेत काम करीत होते, ती १९१८ साली कुन्नूर येथे सुरू झाली, १९५८ साली हैदराबादेत आली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून तार्नाका येथे उभी आहे. धडा असा की, भाकरीबरोबर डाळ, दूध किंवा ताक, पालेभाजी आणि शेंगदाणे असलेच पाहिजेत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आलटून पालटून खावेत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो. ज्याची हाडे वर्षानुवर्षे झिजली त्याला हे फार मोलाचे आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले तेव्हा ज्वारी-नाचणीचे पुष्कळ कौतुक झाले. आमच्या घरी ते कौतुक रोजच्या ताटात आहे.

प्रसाद आणि आग्रह

पीठ बदलणे सोपे गेले. माणसांचे मन वळविणे कठीण गेले. आपल्याकडे प्रेम आग्रहातून व्यक्त होते. लग्नाच्या पंगतीत माझी पत्नी स्वतःचा डबा उघडते तेव्हा यजमान दुखावतात. "आमच्या घरचे अन्न चालत नाही का?" असे एका जवळच्या नातलगांनी चारचौघांत विचारले. ती उठून बाहेर गेली. पुढे दोन वर्षे तिने कोणाकडे जेवायला जाणेच सोडले. रोगाने जे नेले नव्हते ते त्या एका वाक्याने नेले.

सत्यनारायणाचा प्रसाद ही आणखी एक अडचण होती. शिरा रव्याचा, आणि प्रसाद नाकारू नये असा संस्कार. ती तळहातावर कणभर घेई आणि नंतर चार दिवस भोगी. शेवटी आमच्या पूजेला येणाऱ्या गुरुजींनाच मी सारे सांगितले. ते म्हणाले, "देवाला भाव पोचतो. ताईंना पंचामृत आणि केळे द्या, तोही प्रसादच." आता आमच्याकडे पूजेला तांदळाच्या रव्याचा शिरा होतो आणि सर्व जण तोच घेतात.

म्हणून यजमानांस माझी विनंती आहे की, अशा पाहुण्यास आग्रह करू नये, आधी विचारावे. वरण-भात, वेगळ्या चमच्याने काढलेली भाजी, दही, फळ एवढे पुरे. आणि त्याने स्वतःचा डबा आणला तर तो आपल्या शेजारीच बसवून उघडू द्यावा.

आपण काय करू शकतो

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात पाहावे. वयाच्या मानाने खुजे राहिलेले, पोट पुढे आणि हातपाय काडीसारखे असलेले, सतत फिकट, वरचेवर जुलाबाने गैरहजर राहणारे मूल असेल तर त्याला केवळ जंताचे औषध देऊन थांबू नये. पालकांना जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीसाठी पाठवावे. निदान झालेले मूल वर्गात असेल तर वाढदिवसाच्या दिवशी बिस्किटाऐवजी चिक्की, राजगिऱ्याचा लाडू किंवा केळे वाटण्याची प्रथा पाडावी. मग त्या मुलाला हात मागे घ्यावा लागत नाही.

अंगणवाडीत व वसतिगृहांत जेथे गव्हाची लापशी, सांजा, शेवया दिल्या जातात तेथे अशा मुलास तांदूळ, डाळ, नाचणी देण्याची सोय असावी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरडधान्याचाही समावेश आहे. ज्या गरीब घरात असा रुग्ण आहे त्यास गव्हाऐवजी तांदूळ किंवा ज्वारी मिळाली तर औषधोपचार झाल्यासारखे होईल. अधिकारी वर्गाने याचा विचार करावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

रुग्णाच्या सख्ख्या नातलगांनी स्वतःचीही तपासणी करून घ्यावी. त्यांच्यातील बारा-पंधरा जणांत एकाला हा रोग निघतो. आम्ही दोन्ही मुलांची केली. सुदैवाने दोघेही निरोगी आहेत.

आणि घरोघरच्या पुरुषांना एक सांगायचे आहे. घरातील स्त्री वर्षानुवर्षे फिकट असेल, गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर "बायकांचे असेच असते" म्हणून सोडून देऊ नका. कारण शोधा. माझ्या घरी ते चोवीस वर्षे ताटातच होते.

निवृत्तीनंतर मी भाकरी करायला शिकलो. आरंभी तिचे नकाशे होत. एक बाजू जाड, एक पातळ. आता गोल होते आणि कधी कधी फुगतेही. आमच्याकडे पूर्वी सर्वांचे झाल्यावर पत्नी शेवटी बसत असे, उरलेली निवलेली पोळी घेऊन. आता तव्यावरची पहिली भाकरी तिच्या ताटात पडते आणि मी शेवटी बसतो. भाकरी सर्वांची एकच असते. पथ्य एकाचे असले तरी ते सबंध घराने पाळले की त्याचे ओझे वाटत नाही, एवढेच मला सांगायचे होते.